दोन चॅनेल एक झाली आणि कळंबा भरला

सोमवारी सकाळी सातला एका ओळखीच्यांचा फोन आला... कळंबा तलाव भरून वाहायला लागलाय! पावसाळ्यात कोल्हापुरात याहून मोठी बातमी नसते. मी ताडकन उठले.

जरा मागचं सांगते. मी इथल्या एका लोकल चॅनेलची रिपोर्टर, आणि समोरच्या चॅनेलचे सर्जेरावदादा माझे तेरा वर्षांचे पक्के दुश्मन. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका ग्रुपनं दोन्ही चॅनेल विकत घेतली आणि एक करून टाकली.

नवे साहेब म्हणाले, शहराला एकच रिपोर्टर ठेवणार, कोण ते सोमवारी सांगतो. म्हणून एक झालेल्या ऑफिसात उरलेला एकुलता एक कॅमेरा मी रविवारीच गुपचूप घरी आणून ठेवलेला.

गाडी काढतेय तोवर दादांचा फोन, "कुठं हायस गं?" मी ठोकून दिलं, "दवाखान्यात, सासूबाईंना घेऊन." ते म्हणाले, "मी बी इचलकरंजीत हाय, पावण्यांकडं." म्हटलं, सुटले बाई!

सांडव्यावर ही गर्दी... आणि सगळ्यांच्या पुढं, गुडघ्यापर्यंत भिजलेले दादा! खांद्याला लाईव्हची बॅग. ती त्यांनी पळवलेली, कॅमेरा मी. बॅगेशिवाय माझं चित्र स्टुडिओत पोचणार नव्हतं आणि कॅमेऱ्याशिवाय त्यांच्याकडं चित्रच नव्हतं. हसून हसून पुरेवाट झाली आमची.

मग त्यांनी कॅमेरा स्वतः घेतला आणि माईक माझ्या हातात दिला. "तू बोल. तुझं बोलणं लोकांस्नी आवडतंय की."

लाईव्ह झकास झालं. लगेच साहेबांचा फोन... बातमीवर आधी कोण पोचलं? दादा म्हणाले, "ही पोचली, साहेब."

अहो, हा माणूस माझ्याआधी तासभर तिथं उभा होता! माझी नोकरी राहावी म्हणून स्वतःच्या पोटावर पाय देत होता. मला भरूनच आलं. फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, "साहेब, साफ खोटं हाय. आधी तेच आलेत."

साहेब म्हणाले, "एकानं बोलायचं, एकानं कॅमेरा धरायचा. राहा दोघंही."

दादा, तेरा वर्षं तुम्हाला जी नावं ठेवली, ती सगळी आज इथं सगळ्यांसमोर मागे घेते. खोटारडे तेवढे तुम्ही आहातच... आणि देव करो, तसेच राहा!