तापीबाईंचे ससे

समोर आलेल्या माणसाचं तोंड नीट बघायच्या आधी त्याला ताप आहे का, हे बघणाऱ्या या बाई. नमस्कार राहिला बाजूला, पालथा हात थेट गळ्याला लागायचा. काशीमीऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं, एरवी सगळ्यांच्या तोंडी तापीबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

रक्ताऐवजी देता येईल असं एक द्रावण आम्ही तयार करत होतो. ते मी बनवायचो आणि बाई सशांवर तपासायच्या. सशाचं रक्त काढायचं, तेवढंच द्रावण कानाच्या शिरेतून भरायचं आणि ताप चढतो का, जीव राहतो का, ते पाहायचं. महामार्गावरच्या ट्रकांनी ससे आधीच दचकलेले, म्हणून त्या खोलीत चपला आणि मोबाईल बंद. साहेब आले तरी अनवाणी.

नोंदवहीत मेलेल्या सशापुढे 'सॅक्रिफाइस' लिहायची पद्धत होती. बाई तो शब्द खोडायच्या. "बळी देवाला देतात. इथे कुठला देव बसवलाय आपण?" असं म्हणून त्या सरळ 'मेला' लिहीत. ससा जायला लागला की जेवणाचा डबा उघडा टाकून त्याच्या पाठीवर हात ठेवून बसत. त्याला काय कळतंय, असं मी एकदा म्हटलं. त्याला नसेल कळत, मला कळतं ना, म्हणाल्या.

द्रावण माणसांवर तपासायला पाठवायचं ठरलं तेव्हा फक्त बाईंची सही राहिली होती. नेमका एका सशाला ताप चढला. बाहेर वरात चालली होती, घाबरला असेल, असं साहेबांचं म्हणणं. बाईंनाही खात्री नव्हती. पुन्हा तपासलं, पुन्हा एकाला चढला. बाईंनी सही केली नाही आणि सगळं काम बंद पडलं. मग उरलेल्या सशांचं काय, हा प्रश्न आला. बाईंनी पाली गावात ओळखीच्या एका घरी त्यांची सोय लावली होती, पण प्रयोगातला ससा बाहेर द्यायला परवानगी मिळाली नाही. शेवटचं इंजेक्शन त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नाही. दार लावून, एकेकाला मांडीवर घेऊन, स्वतःच दिलं.

तुमच्यामुळे किती माणसं वाचली असतील, असं मी त्यांना धीर द्यायला म्हणालो.

"एक तरी दाखव," बाई म्हणाल्या. "वाचलेली दिसत नाहीत रे. ससे दिसतात. रोज."

निवृत्तीनंतर त्या सोफ्यावर टेकण्याआधी जागा हाताने चाचपून बघायच्या, खाली ससा तर नाही ना. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर त्यांच्याकडे जायचीच भीती वाटू लागली, तरी जात राहिलो.

गेल्या वर्षी त्या भाईंदर पश्चिमेला एका इस्पितळात होत्या. हाताला सलाईन, शुद्ध येऊन जाऊन. मध्येच त्यांनी विचारलं, "किती राहिले?"

केरळच्या नर्सला वाटलं, बाटलीचं विचारतायत. "थोड़ा ही बाकी है, माँजी," ती मायेने म्हणाली. पण सलाईन असतं तर 'राहिलं' म्हटलं असतं. राहिले ते कोण, हे त्या खोलीत मला एकट्यालाच कळलं.

बाई धडपडत उठायला लागल्या. "मग मला कशाला झोपवलंय? त्यांच्यापाशी कोण आहे?"

"मी आहे, बाई. बसलोय."

त्यांनी उशीवर मान टेकली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी मात्र अजून उठलेलो नाही.