राखाडी पिल्लं

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सालच्या दुष्काळातली गोष्ट. माझी बायको राखाडी कोंबड्या जपायची. तसा रंग गावात दुसऱ्या कुणाकडं न्हवता. ती पांढऱ्या, ठिपक्याच्या कोंबडीला काळाकुट्ट कोंबडा लावायची आन् पिल्लं सगळी राखाडी निघायची. मला वाटायचं, राखाडी पाहिजे तर काळा कशाला पोसायचा?

ती आजारानं खाटेवर पडली होती तेव्हा गावकरी आले. पाऊस पडावा म्हणून मरीआईला काळा कोंबडा पाहिजे होता. मी तिला न विचारता देऊन टाकला.

"अवो, रंग त्याच्यामुळंच येत होता की," ती म्हणाली. "आता तसाच दुसरा आणा."

पाऊस काय आला न्हाई. मुखेडच्या बाजारातून मी काळा कोंबडा आणला, पण त्याच्या मानंला तांबडी पिसं होती. पिल्लं तांबडट, मातकट निघाली. टोपली खाटेपाशी नेली. तिनं एकेक पिल्लू हातात घेऊन पाहिलं.

"पुढच्या खेपंला बघू," म्हणाली.

पुढच्या खेपंची पिल्लंबी तांबडीच निघाली. तोवर ती गेली होती. मी टोपली घेऊन तिच्या रिकाम्या खाटेपाशी लई येळ उभा राहिलो.