छप्पन्न दिवसांत चार

मीटरवाल्या ताईंची आणि माझी पहिली भेट ही भेट नव्हतीच, ती धाड होती. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, नव्या औषधांच्या अभ्यासासाठी राखलेल्या मजल्यावर मी बाकावर बसलो होतो आणि गुडघ्यावर वही ठेवून चौदा दिवसांचं दुखणं एका दमात लिहून काढत होतो. सोमवार सात, मंगळवार सात, बुधवार आठ. जरा रंगत यावी म्हणून. एवढ्यात वहीवर सावली पडली. वर पाहिलं तर एक बाई. उंची जेमतेम पाच फूट, पण त्या क्षणी मला त्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढ्या वाटल्या. खांद्याला खाकी झोळी, पायात पलटणीत शोभतील असे बूट आणि हातात टॉर्च. भर दुपारी! तो पेटवून त्यांनी झोत थेट माझ्या वहीवर मारला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चौदा दिवस, एकच पेन, आणि शाई अजून ओली!"

बाकावरचे आठ रुग्ण, दोन नर्स आणि भिंतीवरच्या तक्त्यातला अर्धा कापलेला मेंदू, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आपण इथल्या डॉक्टर का?" मी चाचरत विचारलं.

"छे! मी वीज कंपनीत मीटर वाचते. जुन्या इमारतींत जिन्याखाली अंधार असतो, म्हणून टॉर्च. तुम्हाला काय झालंय?"

मला नागीण झाली होती. ती बरी झाली, पण जाताना बरगड्यांखाली आग ठेवून गेली. नुसता सदरा लागला तरी निखारा लागल्यासारखं व्हायचं. नसांच्या असल्या दुखण्यावर एक नवी गोळी तपासत होते आणि गंमत म्हणजे तीच गोळी समोरच्या खोलीत फिट येणाऱ्यांसाठीही तपासत होते. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ. कुणाला कुठली मिळाली ते रुग्णाला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. माझं काम एवढंच की रोज झोपताना दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. शाळेत मला कुणी कधी सात दिले नव्हते; दुखण्याला देताना मी हात आखडला नाही.

"जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिहा," ताईंनी फर्मान काढलं. मी मुकाट्याने लिहिलं. तेरा वेळा. तेव्हापासून त्यांनी माझं नाव सातवाले ठेवलं.

ताई स्वतः रुग्ण नव्हत्या. रुग्ण होता त्यांचा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षांचा, जाड मिशांचा, टक्कल पडायला लागलेला गडी. ताई त्याला 'बाळा' म्हणायच्या आणि तो भरल्या बाकावर ओशाळा होऊन चष्मा पुसायचा. त्याचं फोटोंच्या चौकटी बनवायचं दुकान होतं. खरं म्हणजे तो काच कापणारा कारागीर, पण अकरा वर्षांपूर्वी फिट यायला लागली आणि ताईंनी काच कापायची हिरकणी काढून घेतली. ती त्यांच्या पर्समध्ये, रुमालात बांधलेली असायची. धाकट्याने लाकूड कापायचं, खिळे ठोकायचे. काच मात्र समोरच्या दुकानातून कापून यायची, आणि ती दर वेळी अर्धा दोरा वाकडी निघाली की याचा जीव तीळ तीळ तुटायचा. चार औषधं झाली होती, फिट काही थांबत नव्हती. हे पाचवं लागू पडलं तर हिरकणी परत मिळणार होती.

पण गोळी सुरू व्हायच्या आधी एक अट होती. आठ आठवडे नुसतं मोजायचं. जुनी औषधं तशीच चालू ठेवायची आणि फिट किती वेळा येते ते नातेवाइकाने वहीत लिहायचं. छप्पन्न दिवसांत निदान चार. चारच्या खाली असेल तर औषधाने फरक पडला का ते कळणार कसं? तेव्हा चारच्या खाली प्रवेश नाही.

धाकट्याला दोन महिन्यांत सात-आठ वेळा तरी यायची. ताई निर्धास्त होत्या. तिसऱ्या दिवशी आली, अकराव्या दिवशी आली, एकोणिसाव्या दिवशी आली. प्रत्येक फिट त्यांनी सेकंदासकट लिहिली. आणि मग काही येईचना.

कारण उघड होतं. एरवी धाकटा गोळ्या आठवेल तेव्हा घ्यायचा. आता वही आली म्हणताच ताई घड्याळ लावून देऊ लागल्या. सकाळी आठ म्हणजे आठ, आठ वाजून एक मिनिट नाही. जुन्याच गोळ्या जरा बऱ्या लागू पडल्या.

"मग बरंच झालं की!" मी अठ्ठाविसाव्या दिवशी म्हणालो.

"बरं कसलं? तीन वेळा आलीय. काच कापताना एकदा पुरते."

त्यानंतर ताईंचं बसणं सुटलं. बाकावर टेकायच्या, उठायच्या, खिडकीपर्यंत जायच्या, परत येऊन भावाकडे निरखून बघायच्या. अकरा वर्षं ज्या गोष्टीच्या धास्तीने झोप उडाली, तीच गोष्ट आता एकदा यावी म्हणून झोप उडाली होती; आणि तसं मनात आलं की स्वतःलाच रागवायच्या. "मी बहीण आहे का कोण आहे?" असं त्यांनी एकदा मला विचारलं.

त्यांना चैन पडेना म्हणून मलाही पडेना. सेहेचाळिसाव्या दिवशी सासूबाईंच्या फोटोला चौकट करायच्या निमित्ताने मी दुकानात गेलो. (सासूबाई ठणठणीत होत्या. चौकट बघून त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, म्हणजे अभ्यासात भाग घेतल्याचा मला एक फायदा झालाच.) दुकानात ताई वर्तमानपत्र धरून स्टुलाला नुसत्या टेकल्या होत्या आणि पत्राच्या कडेवरून भावावर नजर होती. वर्तमानपत्र उलटं होतं.

"एकतिसाव्या दिवसाचं काय झालं?" मी विचारलं. त्या दिवसापुढे त्यांनी 'शंका' असं लिहिलेलं मी पाहिलं होतं.

"हातोडी वर धरून उभा राहिला होता. अकरा सेकंद. हाक मारली तर ओ नाही."

"मग तीच चौथी!"

"फिट होती की विचारात होता, कुणी सांगावं?"

मी धाकट्याकडे वळलो. "तुम्हीच सांगा की राव."

"मला काय माहीत?" तो खिळे निवडत म्हणाला. "फिट येते तेव्हा मी जागेवर नसतो. आणि विचारात असलो तरी नसतोच. त्या दिवशी एक बाई पाच फुटी आरसा घेऊन आल्या होत्या. कडा नक्षीने कापून पाहिजेत म्हणाल्या. मी नाही म्हणालो. त्या गेल्या. मग मी मनात तो आरसा कापत असेन. किंवा फिट असेल."

"ताई, लिहून टाका ना. कुणाचं काय बिघडतंय?"

"सातवाले, चोवीस वर्षं लोक माझ्या मागे लागतात की बाई, मीटरचा आकडा जरा कमी लिहा. वाढवून लिहा म्हणणारे तुम्ही पहिले."

"कमी-जास्त कधीच लिहिलं नाहीत?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते उलटल्यावरही उलटंच राहिलं.

छप्पन्नाव्या दिवशी माझीही तारीख होती. वह्या बारा वाजता जमा व्हायच्या. त्या गोळा करणाऱ्या मॅडम टेबलामागे बसून सारख्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांच्या यादीतही जागा रिकामी होती आणि धाकट्यावर त्यांचा जीव होता. ताई येरझाऱ्या घालत होत्या. बाकापासून खिडकी सोळा पावलं. मीही उगाच उठून त्यांच्यामागे दोन फेऱ्या मारल्या. धाकटा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

अकरा बेचाळीसला तो धाडकन खाली पडला.

काय तो गोंधळ! एक आजोबा तोंडात घालायला चमचा घेऊन धावले, त्यांना नर्सने मागे खेचलं. कुणी फॉर्मने वारा घालू लागलं. मॅडमनी घड्याळ बघून वेळ टिपली. मी आनंदाने टाळी वाजवली आणि माणूस जमिनीवर तडफडतोय हे लक्षात येऊन ती खिशात घातली. धाकट्याचा हात झटके देत होता, पाय बाकावर आपटत होते, तोंडातून आवाज येत होता. सगळे धावले, ताई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, बाईला धक्का बसला.

मिनिटाभराने तो शांत झाला. मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "ताई, चौथी! वेळेत आली!"

"खोडा ती," ताई म्हणाल्या.

"अहो, पण मी स्वतः पाहिली."

"याची डाव्या हातापासून सुरू होते. अंगठा आत वळतो. हा उजव्याने सुरू झाला." त्यांनी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "आणि पडायच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवला यानं."

सगळ्यांनी धाकट्याच्या खिशाकडे पाहिलं. चष्मा होता. तोही बिचारा नीट घडी घालून.

धाकटा उठून बसला. अकरा वर्षांत कधी वर न चढलेला त्याचा आवाज चढला. "तुझं काय जातंय गं ताई? तुझ्या पर्समध्ये पडून राहील ती हिरकणी, एवढंच ना? मी जन्मभर खिळे ठोकतो!"

"बाळा..."

"बाळा म्हणू नकोस!"

"बरं. नाही म्हणत." त्या त्याच्यासमोर फरशीवर बसल्या. चार आठवड्यांत त्यांना नीट बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "खोटं रीडिंग लिहिलं की ते कुणाच्या तरी बिलात निघतं रे. उद्या हे औषध असल्या खोट्या आकड्यांवर बाजारात आलं, आणि तुझ्यासारख्याच कुणीतरी त्याच्या जोरावर काच उचलली तर?"

हे वाक्य मला त्या दिवशी अजिबात आवडलं नाही. आजही फारसं आवडत नाही. माझ्या मनात आलं, शंभर वह्यांत एक फिट इकडची तिकडे झाली तर कुठल्या औषधाचं काय होणार आहे? तसं बोलायला तोंड उघडलं, पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून नुसतं खोकलो.

खोडायचीही तिथे पद्धत होती. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मॅडमनी रेघ मारली. ती मारताना त्यांनी दोनदा पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. मग शेवटच्या रकान्यात 'तीन' लिहिलं. बारा वाजायला चार मिनिटं होती. ती चार मिनिटं आम्ही सगळे धाकट्याकडे बघत राहिलो आणि तो आमच्याकडे, आणि काही झालं नाही.

जिना उतरताना ताईंनी त्याचा दंड धरला. त्याने सोडवून घेतला. पुढच्या पायरीवर त्यांनी परत धरला.

नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी पुन्हा नाव देता येत होतं. तीन महिन्यांनी ते दोघे गेले, तेव्हा जागा भरल्या होत्या.