पास्कल सरांचा पडदा

पास्कल सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शेरननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी भाईंदरच्या बाजारात भाजी घेत होते. पिशवी तिथंच ठेवून निघाले... आमच्या कला महाविद्यालयात मी शिल्पकला शिकवायचे, ते कलेचा इतिहास. पण त्यांची खरी ओळख म्हणजे तिथलं चित्रपटगृह.

चित्रपटगृह म्हणजे मातीकामाच्या वर्गामागची अडगळीची मोठी खोली. सरांनी पडद्यासाठी स्वतः भिंत पांढरी रंगवली, मोडक्या खुर्च्या ठोकूनठाकून घेतल्या आणि दर शनिवारी देशोदेशीचे जुने चित्रपट दाखवायला सुरुवात केली. आधी विद्यार्थी यायचे, मग कामं उरकून शेजारच्या नवघर गावातल्या बायकाही येऊ लागल्या. तेच चित्रपट दरवर्षी पुन्हा लागायचे. कुणी कुरकुरलं की सर म्हणायचे, "गोष्ट कळली ना? आता बघायला या."

पुढे संस्थेला ती खोली ॲनिमेशनच्या वर्गासाठी हवी झाली. मी विद्यार्थ्यांना गोळा केलं, आम्ही दारात ठाण मांडलं. सरही येऊन बसले. घरून आणलेला डबा मुलांना वाटला. मी प्राचार्यांशी भांडले, विभागप्रमुखपद गेलं, शेवटी नोकरीही सोडली. खोली गेलीच. त्या दिवशी परतताना रिक्षात सर गप्प होते. मला वाटलं, दुःखानं...

सरांना जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेला गेले आणि तिथून चौक गावात त्यांच्या घरी. माणसं पांगल्यावर शेरन माझ्याजवळ येऊन बसली. ती आमच्याच महाविद्यालयात शिकवते; खोलीचं भांडण झालं तेव्हा तात्पुरत्या नेमणुकीवर होती. सरांवर लिहितेय, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आंटी, लिहाल तर हेही लिहा. खोली सोडायला पप्पांनी आधीच होकार दिला होता. त्या बदल्यात संस्था मला नोकरीत कायम करणार होती. मलाही मम्मीनं आत्ताच सांगितलं."

मुलीसाठी बाप असं करतो, हे मला कळतं. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, देऊन टाका. पण सगळं ठरलेलं असताना ते आमच्यात येऊन बसले, मला लढू दिलं, आणि नंतर इतकी वर्षं माझ्याकडे चहाला येत राहिले... त्याबद्दल एक शब्द नाही.

कोरा चहा घ्यायचे, लिंबू पिळून. अजूनही चहा टाकताना माझा हात दुसरा कप काढतो. परवाही काढला. या वेळी परत ठेवला नाही. भरून समोर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं विचारलं, "सर, तुम्ही त्या दिवशी दारात का बसलात?"