आईच्या आवाजासाठी वरवट बकाल

घशाच्या ऑपरेशनात आईचा आवाज गेला. बोलणं पाटीवर सुरू झालं. एके दिवशी तिने लिहिलं, ‘वरवटच्या सलीमभाऊंकडे आमच्या भजनाची कॅसेट असेल.’ मी लगेच तिकीट काढलं.

पुण्याहून रेल्वेने सकाळी शेगावला उतरले. जाणार असाल तर आरक्षण आधीच करा, गर्दी बारमाही असते. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली, सोबतीला तळलेली मिरची, आणि वरवट बकालची एसटी धरली. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली, ते हे वर्ष. उभं पीक मोडायला ट्रॅक्टर फिरत होते.  बसमधले सगळे खिडकीतून बघत होते.

आईच्या भजनांना भोंगे लावणाऱ्या सलीमभाऊंचं लाऊडस्पीकरचं दुकान आता मोबाईल दुरुस्तीचं झालं आहे. मी आईचं नाव सांगितलं.

“सुमनबाईची पोरगी न तुमी? मंग उभ्या काऊन? बसा नं.”

कपाशी वर्षानुवर्षं बुडत गेली तशी लग्नं साधी झाली, भोंग्यांची मागणी संपली. “अ‍ॅम्प्लिफायर विकला, भोंगे विकले. कॅसेटी कोनी घेतच नव्हतं, म्हनून राह्यल्या!” ते हसले.

कॅसेट टेपमध्ये घातली, तर नुसती किरकिर.

“फीत चिकटून राह्यली. जोर केला तं तुटन.”

त्यांनी कॅसेट उघडली, फीत बोटांनी सोडवली आणि दुसऱ्या डबीत बसवली. तासभर लागला. 

मग ढोलकी, झांजा, आणि आई. खणखणीत, माझ्यापेक्षाही तरुण. दोन भजनांच्या मध्ये ती म्हणाली, “सलीमभाऊ, भोंगा तिकडं फिरवा जरा. पोरगी झोपली हाय.”

ती पोरगी मीच. मी रडले. सलीमभाऊंनी सगळं माझ्या फोनमध्ये उतरवून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, “त्यायले माहा सलाम सांगा.” जेवल्याशिवाय सोडलं नाही, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी.

घरी येऊन फोन आईच्या कानाशी धरला. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. दुसऱ्यांदा लावल्यावर तिचा हात पलंगाच्या कडेवर ताल धरू लागला. मागे साथ देणाऱ्या बायकांची ओळ आली तेव्हा, जन्मात न गाणारी मी, ती ओळ म्हणाले.

आईने डोळे उघडले. मान हलवली. तळहात वर नेऊन दाखवला: सूर आणखी वर.

आणि बोटाने खूण केली, परत लाव.