मोकळा राहिलेला ठिपका

मी ऑडिटमधला माणूस. संशय घेणं हाच माझा धंदा, त्यामुळे भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण हे एक प्रकरण काही केल्या निकालात निघत नाही.

नव्वदीचा मध्य. परदेशी जाण्यासाठी डॉलर मिळणं नुकतंच जरा सोपं झालं होतं. तंजावूरला मेल वीदी नावाच्या रस्त्यामागे आमचं घर. अप्पांच्या हृदयाला मद्रासच्या डॉक्टरांनी हात लावायचं नाकारलं, म्हणून मी त्यांना सिंगापूरला न्यायचं ठरवलं. काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, ठाम विरोधात. "मरायचंच तर आपल्या गावात मरू दे त्याला," असं माझ्या तोंडावर म्हणाले होते. त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात गेले.

निघायच्या सकाळी अम्मानं उंबऱ्यापुढं सडा घालून तांदळाच्या पिठाचा कोलम काढला. ठिपके मांडून त्यांच्याभोवती रेघा फिरवायची रांगोळी, आमच्याकडे रोजची. टॅक्सी उभी, त्यामुळे तिची घाई. अप्पा हसले, "एक ठिपका मोकळाच राहिला की ग."

"राहू दे. तुम्ही बरे होऊन या, मग वेढते त्याला."

आम्ही तिघंच होतो तिथं. अप्पांना गाडीत बसवून मी बॅगेसाठी वळलो, तर दारात काका येऊन उभे आणि उंबऱ्यापुढं काही नाही! ओल्या जमिनीवर पीठ पुसलं तर पांढरा फराटा उरतो. तोही नव्हता. आमच्याकडे घरात कुणी वारलं तरच उंबरा असा कोरा ठेवतात. मी काकांवर भडकलो. ते म्हणाले, "मी आलो तेव्हा असंच होतं." खोटं, मी मनात म्हटलं. अम्मा एवढंच बोलली, "निघतेवेळी वाद नक्को रे."

ऑपरेशन झालं. अप्पा शुद्धीवर आले त्याच दिवशी काकांचा फोन... अम्मा झोपेतच गेली होती. डॉक्टरांनी बजावलं, यांना इतक्यात सांगू नका. मला हलता येईना. क्रिया काकांनीच केली.

परतताना मद्रासपासून मी दिवस मोजत होतो. महिनाभर तरी घरापुढं कोलम पडणार नव्हता. कोरा उंबरा दिसला की अप्पांना न सांगता कळणार, आणि त्यांचे टाके अजून ओले. आत नेऊन, बसवून, पाणी देऊन मग सांगायचं, एवढंच मला हवं होतं.

टॅक्सी थांबली. अप्पा उतरले, उंबऱ्यापाशी वाकले आणि म्हणाले, "वेढला बघ हिनं."

तोच कोलम, त्याच किंचित वाकड्या रेघा. आणि मोकळ्या ठिपक्याभोवती ताजी रेघ.

आत काका एकटेच होते. मी त्यांना बाजूला घेऊन अक्षरशः उलटतपासणी केली. ते बाहेर येऊन बघतच राहिले. "अरे, पीठ कुठल्या डब्यात असतं हेसुद्धा मला ठाऊक नाही," म्हणाले आणि रडायला लागले. ठिपक्याचं बोलणं झालं तेव्हा ते आलेही नव्हते. तरी कितीतरी वर्षं मी त्यांच्यावरच संशय धरला, कारण दुसरं धरायचं कुणाला?

अप्पांना मी आत नेलं, बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं. त्यांनी दाराबाहेर बघितलं. "मग ती रेघ?" त्यांनी विचारलं.