ओढा सोडून रस्ता

मुळशीतल्या काही गावांचा विकास आराखडा करायला नियोजन समिती नेमली, तेव्हा मी तिचा आरेखक होतो. समितीत दोन अधिकारी, एक शिक्षिका आणि गावकऱ्यांनी निवडलेले एक भातशेतकरी. मी नकाशा पसरला की हे शेतकरी आधी तो फिरवून ताम्हिणी घाटाची बाजू वर घेत. "पाणी तिकडनं येतंय," एवढंच म्हणत. मग प्रत्येक रेघेवर बोट ठेवून विचारत, "हितं आत्ता काय हाय?"

एकदा नव्या रस्त्याची रेघ ओढ्यावरून गेली होती. त्यांनी आम्हा सगळ्यांना तिथे चालत नेलं. "ह्यो बुजवला तर पाणी खालच्या वस्तीत शिरंल."

"पण रस्ता सरकवला तर तो तुमच्या वावरातून जाईल," मी म्हणालो.

त्यांनी एकदा वावराकडे बघितलं. "व्हय. जाऊ द्या. पर सही करायच्या आदी घरी सांगून येतो."

आम्ही शाळेत थांबलो. अर्ध्या तासाने ते आले, कुणाकडे न बघता सही केली आणि म्हणाले, "घरची म्हणती, रस्ता करा, पर भाताची कापणी झाल्यावर."

रस्त्याला अजून कितीतरी वर्षं लागणार, हे मला ठाऊक होतं. तरी इतिवृत्तात मी ती अट त्यांच्या पत्नीच्याच शब्दांत लिहिली. आता त्या वावरातून दिवसभर मोटारी जातात आणि खालची वस्ती पावसाळ्यात कोरडी राहते. एवढ्या नोकरीत मी लिहिलेलं दुसरं एकही वाक्य मला आठवत नाही.